‘दुकान बंद’चा दुसरा बोल्ट

माझी उंची पाच फुटांना दीड इंच कमी आहे. दादाची सहा फूट एक. एकाच आईबापांची लेकरं, पण माळ्यावरचे डबे दादाने काढायचे आणि पलंगाखाली गेलेलं मी काढायचं, अशी वाटणी लहानपणीच झाली होती. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मला तर पलंगाखाली बऱ्याच वस्तू सापडल्या. उंचीचा प्रश्न पडला तो कड्यावर.

भनपुरीत आमचं नट-बोल्टचं दुकान आहे. राइस मिलवाले, ट्रकची बॉडी बांधणारे, शेड उभारणारे अशी गिऱ्हाइकं. वडिलांनंतर दुकान दादा आणि मी चालवतो. लग्न होऊनही मी रायपुरातच राहिले, समता कॉलनीत, त्यामुळे सकाळी डबा भरायचा आणि काउंटरवर येऊन बसायचं, हे गेली पंचवीस वर्षं चालू आहे. लोक विचारतात, बाईमाणसाला बोल्टातलं काय कळतं. मी त्यांना आटे बोटाने मोजून दाखवते, मग विचारत नाहीत.

दादा कॉलेजात असताना उत्तरेकडे जाऊन महिनाभराचा गिर्यारोहणाचा कोर्स करून आला. आल्यावर त्याला रायपुरात चढायला काही सापडेना. हे शहर परातीसारखं सपाट आहे. मग स्कूटर घेऊन तो दर रविवारी वेगवेगळ्या दिशेला जायचा. अभनपूर मागे टाकून तासभर गेलं की डावीकडे कच्चा रस्ता लागतो. एक गाव, गावाचं तळं, पलीकडे विरळ जंगल, आणि त्यात एकदम उभा राहिलेला तांबूस दगडाचा कडा. सहा मजली इमारतीएवढा, आडव्या भेगांचा, खालच्या अंगाला थोडा बाहेर झुकलेला. मागच्या बाजूने चालत माथ्यावर जाता येतं. दादाने तो पाहिला आणि दुसऱ्या रविवारी मित्रांना घेऊन गेला. तिसऱ्या रविवारी मित्र साडेपाचला उठले नाहीत, म्हणून मला नेलं. खालून दोर धरायला कुणीतरी लागतंच. मी दोर धरायला गेले आणि चढायला लागले. त्यात मोठी गोष्ट काही नाही.

हळूहळू पाच-सहा जणांची मंडळी जमली आणि कड्यावर मार्ग तयार झाले. जो पहिल्यांदा चढेल त्याने मार्गाला नाव द्यायचं, अशी पद्धत. आमची नावं भुकेल्या माणसांनी ठेवलेली आहेत: चिला, फरा, मुंगोडी, दुसरा चहा. गावातले एक कका बकऱ्या घेऊन यायचे आणि बिडी ओढत बघत बसायचे. एकदा त्यांनी विचारलं, “उप्पर का मिलथे, बाई?” मी म्हटलं, “काही नाही कका, परत खालीच येतो.” ते म्हणाले, “हव, वो तो दिखथे.”

कड्याच्या मधोमध जो सगळ्यात उभा मार्ग आहे, तो दादाने काढला. सलग दोन सोमवार आम्ही दुकानाला कुलूप लावून गेलो, म्हणून त्याचं नाव ‘दुकान बंद’. तेव्हा बॅटरीवर चालणारं ड्रिल आमच्याकडे नव्हतं. एका हाताने छिन्नी दगडावर टेकवायची, दुसऱ्या हाताने हातोडी मारायची, दर ठोक्याला छिन्नी जराशी फिरवायची. एका भोकाला पाऊण तास. त्यात बोल्ट ठोकायचा, त्यावर भोकाची लोखंडी पट्टी कसायची. चढणारा त्या पट्टीत कॅराबिनर, म्हणजे स्प्रिंगची कडी, अडकवतो आणि तिच्यातून दोर नेतो. असे सात बोल्ट त्या मार्गावर आहेत. सातही आमच्याच दुकानातले.

पहिला बोल्ट डोक्याच्या वर, जमिनीपासून दहा फुटांवर. त्याच्या थोडं वर एक अरुंद कंगोरा आहे, पाय ठेवून नीट उभं राहता येईल असा. दादा त्या कंगोऱ्यावर उभा राहिला, हात सरळ वर नेला आणि जिथे हात पोचला तिथे दुसरा बोल्ट ठोकला. मी खाली दोर धरून होते. मान दुखत होती. तो जिथे ठोकतोय तिथे माझा हात पोचणार नाही, हे मला खालून दिसत होतं. मी बोलले नाही. तेव्हा मी तो मार्ग चढेन असं मलाही वाटत नव्हतं.

आता अडचण अशी. सहा फुटी माणूस कंगोऱ्यावर आरामात उभा राहून दुसऱ्या बोल्टात दोर अडकवतो. माझ्यासारखीला कंगोरा सोडून, नखाएवढ्या दोन खाचांवर आणखी वर जावं लागतं, आणि तिथे एका हाताने लोंबकळत दुसऱ्या हाताने दोर ओढून अडकवावा लागतो. त्या क्षणी हात सुटला, तर दोर फक्त पहिल्या बोल्टात असतो. माणूस त्या बोल्टाच्या जेवढा वर असेल तेवढाच त्याच्या खाली जातो, वर ओढून घेतलेली ढील वेगळी. बेरीज केली की उत्तर जमीन येतं. जमिनीवर तिथे एक मोठा दगड आहे, म्हशीच्या पाठीएवढा.

खालून असं दोर अडकवत चढण्याला लीड करणं म्हणतात. वरून दोर सोडून कुणीही चढून बघू शकतं, त्याची कुणी नोंद घेत नाही. लीड केलं तरच वहीत नाव लागतं. ती वही दादाकडे असते. आणि त्याचा एक नियम, जो त्याने आम्हा सगळ्यांना पहिल्याच वर्षी शिकवला: ज्याने बोल्ट ठोकला त्याला विचारल्याशिवाय कुणी बोल्ट हलवायचा नाही, वाढवायचाही नाही. चांगला नियम आहे. नाहीतर ज्याला जे जमत नाही तिथे तो शिडी लावेल.

माझ्या नावापुढे वहीत ‘दुकान बंद, लीड’ असं लिहिलेलं आहे. ते मीच लिहिलं. त्या हिवाळ्यात दादा एका लग्नाला बिलासपूरला गेला होता. मी आणि एक मैत्रीण दोघीच कड्यावर गेलो. मागून माथ्यावर जाऊन मी आधी दोराने खाली उतरले, भेगांमधलं गवत काढलं, आणि उतरताना दुसऱ्या बोल्टाला दोन हात लांब पट्टा अडकवून ठेवला. त्या पट्ट्याचं खालचं टोक कंगोऱ्यावरून माझ्या हाताला येत होतं. मग खालून चढले आणि बोल्टाऐवजी पट्ट्याच्या टोकात दोर अडकवला. वरचे पाच बोल्ट नियमाप्रमाणे. पट्टा काढून घेतला आणि घरी आले.

वहीत लिहिताना पट्ट्याचं लिहिलं नाही. कुणी विचारलं नाही. सोमवारी दादाने दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला पेढा दिला. हमालांना दिला, ट्रकवाल्या भैयांना दिला. “माह्या बहिणीनं केलं, एवढीशी आहे ती,” असं हाताने उंची दाखवून सांगत होता. हात जरा जास्तच खाली धरत होता. त्या वेळी पट्ट्याचं सांगणं मला गैरसोयीचं वाटलं. नंतर विषय मागे पडला.

मागच्या डिसेंबरात तो पुढे आला, दादाच्या मुलीमुळे, आमच्या पोट्टीमुळे. ती तेवीस वर्षांची आहे, पुण्याला नोकरी करत होती, आता घरून काम करते. पुण्यात ती भिंतीवर चढायला शिकली आणि माझ्यापेक्षा पुष्कळ चांगली चढते. उंची मात्र तिने आपल्या बापाची घेतली नाही. माझी घेतली, त्यातही अर्धा इंच कमी. मराठी तिला सगळी कळते, उत्तर हिंदीत देते.

एका मंगळवारी ती दुकानात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, “संडे को दुकान बंद लीड करूँगी। आत्या, आप बिले दोगे ना?” बिले देणं म्हणजे खालून दोर सांभाळणं.

मी म्हटलं, “दुसरा बोल्ट तुह्या हाताले येत नाही.”

“आपके भी तो नहीं आता। आपने किया था ना?”

दादा मागे वॉशर निवडत होता. तिथूनच म्हणाला, “आत्यानं केलं, तुले काय होते? तू तर तिच्याहून तयार आहे.”

“दादा, तिथं एक बोल्ट वाढवू या का,” मी म्हटलं. “कंगोऱ्यावरून हाताला येईल असा.”

“काहून?”

“ती पडली तर खाली येते.”

“तू पडली का?”

“नाही.”

“मग? वीस वर्षं झाली, कोणी पडलं नाही त्याच्यावर. आता एकेकाच्या मापानं बोल्ट ठोकत बसू का मी? दुकान आहे का ते?”

पोट्टी हसली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, त्याला अर्ध्या इंचाचे दोनशे हवे होते. मोजताना मी दोनदा चुकले. मी मोजण्यात चुकत नाही.

पोट्टी माझ्या भरवशावर चढणार होती. वहीतल्या माझ्या ओळीच्या भरवशावर. तिच्याच उंचीची बाई हे करून उतरली आहे, म्हणजे ते होण्यासारखं आहे, असा तिचा हिशोब होता, आणि तो हिशोब मीच तिला दिला होता.

बुधवारी दुकान उघडल्यावर, झाडू मारायच्याही आधी, मी दादाला सांगितलं. पट्टा, मैत्रीण, बिलासपूरचं लग्न, सगळं. दोन मिनिटांत सांगून झालं.

तो शटरची कडी हातात धरून उभा राहिला. “पेढे वाटले होते मी,” म्हणाला.

“माहीत आहे.”

“अख्ख्या भनपुरीत वाटले.”

“चांगले होते पेढे.”

“हसू नको.” मी हसत नव्हते. तो आत गेला आणि दिवसभर माझ्याशी फक्त साइजबद्दल बोलला. तीन बाय आठ दे. प्लेन की चुडीवाला विचार. एवढंच.

संध्याकाळी मी पोट्टीलाही फोन करून सांगितलं. माझी अपेक्षा होती की ती बेत सोडेल. ती म्हणाली, “मतलब हमारी हाइट का आज तक किसी ने लीड नहीं किया?”

“नाही केलं.”

“तो फिर पहली मैं।”

हे मी धरलं नव्हतं. खरं सांगितल्याने ती थांबेल असं वाटलं होतं, तर तिला आणखी जोर चढला. मी म्हटलं, “मी दोर नाही धरणार.” ती म्हणाली, “कोई बात नहीं आत्या, जिम का एक दोस्त है।” त्या दोस्ताने आयुष्यात कधी खरा दगड पाहिला नव्हता. पोट्टीला धाक घालून उपयोग नव्हता आणि विनवण्या मला करता येत नाहीत. मला दिसत होता तो एकच माणूस, ज्याच्या हो म्हणण्याने काही होणार होतं, आणि तो माझ्याशी साइजबद्दल बोलत होता.

शुक्रवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असताना मी पोट्टीला दुकानात बोलावून घेतलं. गोदामाच्या भिंतीपाशी खडू घेऊन उभी राहिले आणि दादाला म्हटलं, “इकडे ये. भिंतीले पाठ लाव, हात वर कर.”

“नाटक कायले करून राहिली?”

“हात वर कर.”

त्याने केला. मी स्टुलावर चढून त्याच्या बोटांपाशी रेघ मारली. मग पोट्टीला त्याच जागी उभं केलं. तिने टाचा उचलल्या. मी म्हटलं, कंगोऱ्यावर टाचा उचलता येतात, असू दे. तिच्या बोटांपाशी दुसरी रेघ मारली आणि टेप लावला. टाचा उचलूनही सोळा इंच कमी. सपाट पावलांवर एकोणीस.

पोट्टी म्हणाली, “पापा, ये तो बहुत है।” तिलाही पहिल्यांदाच कळलं असावं. आकडा दिसला की गोष्ट वेगळी होते.

त्या दोन रेघांच्या मधल्या जागेवर दादाने हात ठेवला, वीत लावली, पुन्हा लावली. मग काउंटरवर जाऊन बसला. मला वाटलं, झालं, इथेच संपलं. मी टेप गुंडाळत होते. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाला सामान देता देता तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “तिसऱ्या रॅकमधला नको घेऊ. तो गंजते. वरचा स्टेनलेसचा घे, लांबवाला. तो दगड रेतीचा आहे, आखूड धरत नाही.”

मी स्टूल लावून वरच्या रॅकमधला काढला. परवानगीचं बोलणं तेवढंच झालं.

रविवारी दादाही आला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तो कड्याकडे फिरकला नव्हता, सहा वर्षं तरी. तळ्यापासूनची वाट त्याने काठी घेऊन केली आणि वाटेत दोनदा विनाकारण थांबून झाडं बघितली. आम्हीही झाडं बघितली.

मी मागून माथ्यावर गेले, दोर लावून उतरले आणि कंगोऱ्यावर उभी राहिले. हात वर नेला, सपाट पावलांवर जिथे पोचला तिथे खडूने खूण केली. खालून दादा म्हणाला, “आधी हातोडीनं वाजव.” मी वाजवलं. “पोकळ आहे,” तो म्हणाला. मला तर काही फरक कळला नव्हता. “वरच्या बाजूला वाजव. आणखी. हां, उजवीकडे. तिथं.” जिथे आवाज भरीव आला ती जागा माझ्या खुणेच्या चार बोटं वर होती. म्हणजे टाचा उचलून अगदी टोकाला, बोटांच्या शेवटच्या पेरापाशी.

“इथं जेमतेम पोचते,” मी ओरडून सांगितलं.

“पोचते ना? मग ठोक. पोकळ दगडात सोयीचा बोल्ट काय कामाचा.”

बरोबर होतं. ड्रिलने भोक पाडायला मिनिटभर लागलं. दादा खालून म्हणाला, “झालं पण?” त्याच्या आवाजात तक्रार होती. मी फुंकून धूळ काढली, बोल्ट ठोकला, पट्टी कसली, आणि पूर्ण वजन टाकून लोंबकळून बघितलं.

मग पोट्टी चढली. दोर मी धरला होता. जिमचा दोस्त आला नव्हता, साडेपाचला उठला नाही. पहिला बोल्ट तिने सहज अडकवला. कंगोऱ्यावर उभी राहिली, टाचा उचलल्या आणि नवीन बोल्टात कॅराबिनर बसवताना दोन वेळा हुकली. तिसऱ्यांदा टक असा आवाज आला. दोर त्यात टाकून ती त्या नखाएवढ्या खाचांवर गेली. डावा हात खाचेत, उजव्या हाताने दोर ओढून ती दादाच्या जुन्या बोल्टाकडे नेत होती. दोर अर्ध्या वाटेवर असताना तिचा पाय घसरला.

माझ्या कमरेला झटका बसला आणि मी दोन पावलं पुढे ओढली गेले. पोट्टी कंगोऱ्याच्या जरा खाली, दोराला लटकून फिरत होती. तिचे पाय माझ्या डोक्याच्या वर होते. बुटाची नाडी सुटली होती.

“ठीक हूँ,” ती म्हणाली.

“उतरू का तुले?”

“नहीं। दो मिनट।”

दादा तिच्याकडे बघत नव्हता. त्याचं लक्ष जुन्या बोल्टाकडे होतं. मग त्याची नजर तिथून सरळ खाली आली, पहिल्या बोल्टापर्यंत, आणि तिथून तेवढीच आणखी खाली. तो हिशोब करत होता. मी मंगळवारीच केला होता, त्यामुळे मला उत्तर माहीत होतं.

तो काठी टेकत कड्याच्या पायथ्याशी गेला आणि त्या म्हशीच्या पाठीएवढ्या दगडावर जाऊन बसला. अगदी मधोमध.

पोट्टीने हात झटकले, दोराला धरून स्वतःला कंगोऱ्यावर घेतलं आणि पुन्हा खाचांकडे निघाली. वरून थोडी माती पडली.

“दादा, तिथून ऊठ,” मी म्हटलं. “तुह्या डोक्यावर हेल्मेट नाही. ती वर आहे, दगड येईल एखादा.”

“हव,” तो म्हणाला आणि जागचा हलला नाही.

माझे दोन्ही हात दोराला होते, त्याला उठवायला मोकळे नव्हते. वर पोट्टी दादाच्या बोल्टापाशी पोचली होती आणि दोर मागत होती. मी ढील दिली.